खालून पहिला

बाळ सात महिन्यांचं झालं आणि मी डिझाइन ऑफिसात परत रुजू झाले. आमचं काम एका छोट्या अणुभट्टीचं. कारखान्यात जुळवून ट्रकवरून नेता येईल अशी. तिला थंड ठेवायला पाणी नाही, वितळलेला सोडियम धातू. भट्टी बंद पडली की तो नळीत गोठतो. मग नळीभोवतीच्या हीटरांनी तो पुन्हा वितळवायचा, पण वरच्या टोकाकडून, कारण वितळताना तो फुगतो आणि फुगायला जागा फक्त वरच्या टाकीत आहे. हीटर चालू करण्याचा क्रम तपासून मी सही केली होती. त्याची चाचणी बुधवारी होती.

सोमवारी सकाळी मालिशचं तेल थिजलं होतं. मी काचेची बाटली उभीच गरम पाण्यात ठेवली.

“अगं, आधी तोंडाकडचं तेल पातळ कर,” सासूबाई म्हणाल्या. “खालचं फुगून जाईल कुठे? बाटली तडकेल.”

हे मला ठाऊक होतं. हात थांबला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या कागदावर ‘हीटर एक ते बारा’ एवढंच होतं. एक नंबर वर की खाली, हे मी पाहिलंच नव्हतं. तपासताना पाळणाघरातून फोन आला होता, आणि एक म्हणजे वरचा, असं मी धरून चालले होते.

याआधी दोनदा मी चाचणी अडवली होती. दोन्ही वेळा काही निघालं नाही. तेव्हापासून आमचे प्रमुख मला ‘धोक्याची घंटा’ म्हणत. तिसरा बार फुसका निघाला तर तपासणी दुसऱ्याकडे देईन, हेही त्यांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. गप्प बसावं, तर नळीशेजारी चार माणसं उभी राहणार होती, आणि नळी फुटून हवा लागली की तापलेला सोडियम पेटतो.

ऑफिसात पोचताच मी प्रमुखांना सांगितलं. बाळाला शिंक आली तरी तू चाचणी थांबवशील, असं म्हणत प्रमुख उठले.

शेडमध्ये फोरमन होता. हीटरांना नंबरच्या पट्ट्या त्यानेच लावलेल्या. मी गुडघ्यांवर बसून तळाची पट्टी पुसली. एक.

“खालूनच मोजणार ना, बाई,” तो म्हणाला. “पहिला मजला काय गच्चीवर असतो?”

 प्रमुखांनी कागद भिंतीवर धरून ‘एक ते बारा’ खोडलं, ‘बारा ते एक’ लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. माझी जुनी सही तशीच होती.

मी पेन घेतलं नाही. आधी शिडी मागवली आणि चढून सगळ्यात वरची पट्टी वाचली. बारा. खाली शिडी प्रमुखांनी धरली होती.