घरं चालायची तेव्हा

वस्तीत बावीस घरं होती. सगळी लाकडाची, दगडी टेकूंवर बसवलेली आणि समुद्राकडे तोंड करून उभी. त्यातल्या एका घरातल्या म्हातारीला लहानथोर सगळे आत्या म्हणत. कुणाचा बाप कोणत्या वादळात गेला, कुणाच्या लग्नात कोण रुसून बसलं, कोणत्या होडीला आधी कोणता रंग होता, हे आत्याला विचारायचं आणि खाली बसूनच विचारायचं, कारण उत्तर लवकर संपत नसे.

म्हणूनच साक्षीला तिलाच उभं करायचं ठरलं.

किनाऱ्याची ती पट्टी एका हॉटेलवाल्याला हवी होती. नियम असा होता, की ज्याचं घर पन्नास वर्षं एकाच जागी उभं आहे त्याच्या नावे जागा होईल, बाकीच्यांनी उठायचं. कागद तर कुणाकडेच नव्हते. जुन्या माणसाच्या शब्दावर सगळं.

"आई, एवढंच म्हणायचं, की आम्ही पहिल्यापासून इथेच आहोत," तिच्या थोरल्या मुलाने तिसऱ्यांदा पढवलं. "पुढे पाल्हाळ नको."

"म्हणजे खोटं बोलू?"

"इथे म्हणजे या किनाऱ्यावर. त्यात खोटं काय?"

सून जाळं अंगठ्यात ताणून धरून शिवत बसली होती. ती म्हणाली, "जीभ तेवढी आवरा, आई. नाहीतर होड्यांच्या रंगापासून सुरुवात कराल आणि साहेब जेवायला निघून जातील."

खोटं मात्र होतंच. त्या किनाऱ्यावर घरं चालत आली होती. समुद्र वाळू खायचा. एका वर्षात भरतीचं पाणी तीनदा पायरीला लागलं की घर मागे न्यायचं, हा वस्तीचा नेम. टेकू काढून खाली गोल ओंडके सारायचे, दोर बांधायचे आणि सगळ्या वस्तीने मिळून एकेक घर ओढायचं. होड्या बांधणारा सुतार पुढे उभा राहून हाक द्यायचा. रिकामं घर वाकडं पळतं, असं त्याचं म्हणणं, म्हणून चूल विझवून, भांडी मांडीवर घेऊन बायकांनी आतच बसायचं. आत्याचा थोरला असाच चालत्या घरात जन्मला. "वहिनी, जरा दम धरा, उतार आलाय!" असं सुतार बाहेरून ओरडला, तेव्हा ती आतून किंचाळली होती, "ते याला सांगा, मला काय सांगता!" तिच्या देखत असं घरं ओढणं चारदा झालं. शेवटचं एकेचाळीस वर्षांपूर्वी.

कचेरीची खोली लहान होती. वस्तीतली माणसं भिंतीला लागून दाटीवाटीने उभी राहिली. आत्या खुर्चीत टेकली आणि पढवलेलं वाक्य बिनचूक म्हणाली. वस्तीच्या वकीलबाई वस्तीतल्याच एका घरच्या; त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

हॉटेलवाल्यांचा वकील तरुण होता, बोलायला गोड. तो तिच्याकडे वळलाच नाही. अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, मी यांना काय विचारणार? ही वाऱ्यावरची माणसं. मासळी असेल तिथे पालं ठोकायची, संपली की उठायचं. यांना ना गाव, ना इतिहास."

ते वर्मी लागलं. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वाऱ्यावरची? अरे, तुझा आजोबा रांगत असेल तेव्हा माझ्या आजेसासऱ्याने इथे पहिला टेकू पुरला!"

"कुठे, आजी?" वकिलाने अगदी नातवासारखं विचारलं.

"आता लाटा फुटतात ना, त्याच्याही पलीकडे. तिथून आम्ही घरं आणली. एक खिळा पडू दिला नाही."

मग तिला थांबवता येईना. कोणतं घर कुणाच्या शेजारी होतं, कुणाचा दोर तुटला, कोण आत बसून रडत होतं, सगळं आलं. कारकुनाच्या बोटांना रग लागली. अधिकारीसुद्धा पेन खाली ठेवून ऐकत राहिले. इतकं मन लावून तिचं कुणी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आणि शेवटचं कधी हललं, आजी?"

"थोरल्याला तेरावं सरलं तेव्हा. एकेचाळीस वर्षं झाली."

"आभारी आहे," म्हणून वकील खाली बसला.

आत्याने भिंतीकडे पाहिलं. थोरल्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तेव्हा तिला कळलं, की आपण बावीस घरं आपल्या तोंडाने बुडवली.

वकीलबाई ताडकन उठल्या. "साहेब, साक्षीदाराचं वय ब्याऐंशी आहे. आत्या, तुम्हाला हल्ली विसरायला होतं ना? काल काय जेवलात, आठवतं?"

कालचं काय, वकीलबाईंच्या आईच्या लग्नात कोण उपाशी परतलं होतं तेही तिला आठवत होतं. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"नाही आठवत."

"मग घरं हलल्याचं सांगितलंत ते?"

"स्वप्नात पाहिलं असेल, बाई. म्हाताऱ्या माणसाचं काय धरता."

वकीलबाईंनी थोरल्याकडे बोट केलं. "हे कोण तुमचे?"

आत्याने मुलाकडे टक लावून पाहिलं.

"ओळखीचे वाटतात," ती म्हणाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्याने मान खाली घातली. हॉटेलवाल्यांचा वकील तावातावाने बोलत राहिला, पण अधिकाऱ्यांनी सगळी साक्ष बाद करायला लावली. कारकुनाने पानापानावर आडवी रेघ मारली.

डॉक्टरचा दाखला जोडला गेला. तेच पढवलेलं वाक्य मग वस्तीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांनी म्हटलं. दुसऱ्या बाजूकडे घरं हलल्याचा वेगळा पुरावा नव्हता. दोन महिन्यांनी निकाल वस्तीच्या बाजूने लागला. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावे जागा झाली. आत्याची मात्र मुलाच्या नावे, कारण भ्रमिष्ट माणसाच्या नावे जागा होत नाही.

आता वरच्या कोर्टाची भीती होती. आत्याने जुनं काही काढलं की सून दार लोटून घ्यायची. पोरं तिच्याजवळ बसलीच, तर त्यांच्या आया हाका मारून न्यायच्या. "आत्याचं मनावर घेऊ नका रे, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या." आधी हे लोकांसाठी म्हटलं जायचं. पुढे पुढे खरंच तसं वाटूनच म्हणायला लागले.

एका दुपारी ती सुताराच्या छपरात गेली. तो एका फळीला रंधा मारत होता. जवळपास कुणी नव्हतं.

"या वहिनी. वस्ती वाचवलीत तुम्ही."

"ते राहू द्या, भावजी. मला एकच ऐकायचंय. तिसऱ्या वेळी माझं घर उतारावर निसटलं, तेव्हा तुम्ही खांदा लावलात. तो अजून वर जात नाही तुमचा. एकदा हो म्हणा, की मी निघाले."

सुताराने रंधा थांबवला. दाराबाहेर नजर टाकली.

"हा खांदा होय? लहानपणी झाडावरून पडलो होतो."

"कितव्या वर्षी?"

"असेन आठ-नऊ वर्षांचा."

"कोणतं झाड?"

फळीवरच्या ढलप्या त्याने हाताने झटकल्या.

"होतं एक, वहिनी," तो म्हणाला. "आता नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि ते नीट पाठ व्हावं म्हणून तिथेच बसून राहिली.