चाळीस चिठ्ठ्यांचा फळा

ज्या खेळात एकही चित्र नाही तो खेळायला माणसं येतात तरी कशाला, हे धाकटीला कधी उमगलं नाही, आणि खेळ तर अर्धा तिचाच होता. पडद्यावर नुसते शब्द. ‘उत्तरेला जा’ असं टाइप केलं की ‘तुम्ही दीपगृहाच्या दारात उभे आहात, बिजागऱ्या गंजल्या आहेत’ असं वाक्य समोर यायचं. ही वाक्यं तिच्या दादाची. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन एक बिनचूक गाव लिहीत बसायचं, हा त्याचा संसार. ते गाव चालतं ठेवणारा प्रोग्राम धाकटीचा. खेळणारे पस्तीसेक, सगळे जुने आणि चिवट, एकमेकांना टोपणनावांनीच ओळखणारे.

त्यातला सर्वांत जुना ‘कंदील’. बाहेरच्या जगात तो निवृत्त कुलूपवाला होता. त्यानेच तक्रार केली, “मी येतो तेव्हा कुणी नसतं, आणि सगळे येतात तेव्हा मी जेवत असतो. निरोप ठेवायला काहीतरी करा की.”

दादाने ते मनावर घेतलं. गावातल्या प्रत्येक जागी एक फळा असावा, वाटेल त्याने त्यावर चिठ्ठी लावावी. फळ्यासमोर उभं राहिलं की मथळ्यांची यादी दिसेल, मथळा निवडला की आतला मजकूर. धाकटीने चार दिवसांत काम केलं आणि एक मर्यादा घातली. एका फळ्यावर चिठ्ठ्या चाळीस. एकेचाळिसावी आली की सर्वांत जुनी आपोआप गळणार.

“गळणार म्हणजे?” दादा म्हणाला.

“म्हणजे पुसली जाणार. सर्व्हर केवढासा आहे आपला. आणि जुनं गेलंच पाहिजे दादा, नाहीतर उकिरडा होतो.”

“माणसांचं बोलणं म्हणजे उकिरडा?”

शब्दाने शब्द वाढला. दोघंही एकाच आईची लेकरं, नमतं घेणं कुणाच्याच रक्तात नव्हतं. शेवटी धाकटी बोलू नये ते बोलली. “तुला घर नाही, बायको नाही, मूल नाही. म्हणून हे खोटं गाव मांडून बसलायस. उद्या तू गेलास तर रडायला तरी कोण येणार आहे?”

दादाने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि प्रुफाचा गठ्ठा पुढे ओढला. त्याच संध्याकाळी तिने फळे चालू करून दिले, चाळिसाच्या मर्यादेसकट, आणि त्या खेळात पुन्हा पाऊल टाकलं नाही. पाच महिने दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. आधी दुसऱ्याने करावा, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मग छापखान्याच्या जिन्यात दादा खाली बसला तो उठलाच नाही.

अंत्यसंस्कार करून ती घरी पोचते न पोचते तोच कंदीलचा फोन आला. “पोरी, दीपगृहाच्या फळ्यावर त्याची चिठ्ठी आहे. तुझ्यासाठी. मागच्या आठवड्यातच लावलीय. बघून घे.”

“बघते काका,” ती म्हणाली, आणि बघितली नाही. एक दिवस गेला, चार गेले, अकरा गेले. तिला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तिच्या त्या वाक्याला त्याने उत्तर दिलं असणार, आणि ते वाचल्यावर आपल्याला उलटून काही बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. न उघडलेल्या चिठ्ठीत दादा अजून माफ करू शकत होता.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती त्याची खोली आवरायला गेली. खुर्चीच्या पाठीवर त्याचा स्वेटर होता, कोपरावर ठिगळ लावलेला, आणि टाकेसुद्धा प्रुफं तपासणाऱ्याला शोभतील असे सरळ. ती त्याच खुर्चीत बसली, मन घट्ट केलं आणि खेळात शिरली. उत्तरेला गेली. दीपगृहाच्या दारात उभी राहिली. फळा वाचला.

चाळीस चिठ्ठ्या होत्या. ‘तुझ्याशिवाय गाव ओस पडलं.’ ‘दीपगृह लिहिणाऱ्याला.’ ‘मित्रा, माझ्या मुलाचं नाव तू सुचवलं होतंस.’ काहींनी तर दोन-दोन, तीन-तीन लावल्या होत्या. रडायला कोण येणार म्हणाली होती ना, सगळं गाव आलं होतं. दादाची चिठ्ठी कुठेच नव्हती.

तिने प्रोग्राम उघडला. तिच्याच हाताने लिहिलेला चाळीसचा आकडा, शेजारी तिचाच शेरा: ‘जुनं ते जावं.’ रडायला आलेल्यांनी एकेक पाऊल पुढे टाकलं आणि त्याला मागून बाहेर ढकललं, नकळत. बॅकअप होता, पण तोही तिनेच लावलेला. दर रविवारी सकाळी सहाला नवी प्रत जुनीवर चढायची. आज रविवार होता. ती काल आली असती, तर जुन्या प्रतीत चिठ्ठी मिळाली असती.

तिने कंदीलला फोन लावला. “काका, चिठ्ठी गेली. तुम्ही वाचली असेल ना? आत काय होतं?”

तो म्हणाला, “नाही गं वाचली.”

“उघडता येत होती की. कुणालाही.”

“येत होती. पण दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी उघडायची नाही, ही त्यानेच घातलेली रीत. तू खेळ सोडून गेल्यावर. पस्तीस जणांत एकानेही मोडली नाही, मी विचारतो हवं तर. पण मोडली नसणार. मथळा तेवढा सगळ्यांनी पाहिलाय. तो तर दिसतोच.”

“काय होता?”

“‘धाकटे, तुझंच बरोबर होतं.’”

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. कशाबद्दल बरोबर? चाळीस चिठ्ठ्यांबद्दल म्हणाला असेल तर दादाने भांडण मिटवलं होतं. त्या दुसऱ्या वाक्याबद्दल म्हणाला असेल, तर तो पाच महिने ते वाक्य उराशी घेऊन जिने चढत होता. सांगणारं आता कुणी नव्हतं. तिला ते कधीच कळणार नव्हतं, आणि हे तिचं तिनेच केलं होतं.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं तिने चाळीसचा आकडा काढून टाकला. शेराही पुसला. मग फळ्यापुढे उभी राहून तिने नवी चिठ्ठी लावली. मथळा दिला, ‘दादा, चूक माझी होती.’ आत ती दुपारभर लिहीत राहिली, त्याने एकही चूक काढली नसती इतकं जपून.

ती चिठ्ठी अजून तिथे आहे. सगळ्यांना मथळा दिसतो. दादाच्या नावाची म्हणून कुणी उघडत नाही.

फळ्यावर आता एकेचाळीस चिठ्ठ्या आहेत.