बाजाराचा पालक

बाळापूरच्या उत्तमरावांचा पालक अकोल्याच्या बाजारात उतरला की हातोहात संपायचा. पानं कशी, काळीशार हिरवी! कापणी तोंडावर आली की ते युरियाचा भरघोस मारा करायचे. घरच्या भाजीसाठी मात्र विहिरीजवळ वेगळा वाफा होता. त्यात युरियाचा दाणाही पडत नसे. असे घरचे वेगळे वाफे, वाचकहो, तुम्हीही पाहिले असतील!

शेजारच्या शेतातली प्रियदर्शनी शेतीचं शिक्षण घेतलेली. तिनं एकदा जिवाणू खताचं सुचवलं, तेव्हा उत्तमराव खो खो हसले होते. "किटाणूनं कुठी भाजी होते काय वं पोरी?"

एका सकाळी अकोल्याहून लेकीचा, मोनालीचा फोन आला. तिला दिवस गेले होते.

"बाबा, डॉक्टरीणबाईनं मले पालेभाजी खायले सांगतलं. बाजारातून तुमचीच जुडी आनली. रंगावरूनच वळखू आली!"

उत्तमराव घाईनं म्हणाले, "फेकून दे ते!"

"काहून? तुमच्याच हातचा तं हाये!"

"त्याले... युरिया लय मारेल हाये, बेटा. कापाच्या तोंडावर."

मोनाली म्हणाली, "मी फेकून देईन, बाबा. पन माह्यासंगं ज्या बायांनी जुड्या नेल्या, त्या कोनाच्या लेकी नाईत काय?"

उत्तमराव तसेच बांध ओलांडून प्रियदर्शनीकडे गेले. "पोरी, तुह्ये किटाणू दाखव!"

ती हसली नाही. तिनं जिवाणूंची बाटली आणली. "काका, हे रोगाचे नाईत, कामाचे हायेत. काही हवेतलं नत्र मुळापाशी आनतात, काही मातीत अडकलेलं स्फुरद, म्हंजे फॉस्फरस, मोकळं करतात. युरियाचं नत्र पानानं पचवायच्या आत तुमी कापता. ते तसंच खानाऱ्याच्या पोटात जाते अन् अपाय करते. हे जिवाणू हळूहळू देतात. पन त्याइले शेणखत अन् ओल पाह्यजे. उपाशी ठेवाल तं मरतील."

दोघांनी बियाणं गुळाच्या पाण्यातल्या जिवाणूंनी माखलं, सावलीत सुकवलं. कुजलेल्या शेणखतात जिवाणू मिसळून सगळ्या वाफ्यांत पसरले. पालक उगवला, पण रंग पोपटी! युरियाच्या गोणीकडे उत्तमरावांचे हात वळू पाहायचे. प्रियदर्शनी म्हणायची, "दम धरा, काका."

एकदा त्यांनी सहज एक रोप उपटलं आणि ओरडलेच, "अरे बाप्पा! पोरी, धावत ये! मुळ्या पाह्य!"

पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा झुपका! भुसभुशीत माती त्याला अशी बिलगलेली, की झटकूनही सुटेना. पान दुमडताच कट्कन वाजलं.

बाजारात भाजीवाल्या गोदाबाईनं नाक मुरडलं. "भाऊ, रंग काहून फिका?"

"हाच पालकाचा रंग हाये, बाई! आधीचा माह्या युरियाचा होता!" उत्तमराव सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले. काही गिऱ्हाइकं निघून गेली, काहींनी जुडी उचलली. बऱ्याच जुड्या उरल्या.

पण पुढच्या बाजाराला गोदाबाई दुरूनच हात हालवत होती. "भाऊ, आन लवकर! बाया तुह्याच पालकाचं विचारून राहिल्या! म्हनतात, चव हाये अन् ठेवला तरी सडत नाई!"

उत्तमरावांनी एक जुडी बाजूला काढली आणि थेट मोनालीचं घर गाठलं. "खा, बेटा. आज बाप बिनघोर हाये."

मित्रहो, मातीतले हे न दिसणारे सोबती आपलं काम करायला तयार आहेत. त्यांना खायला द्या, थोडा वेळ द्या. पिकवणाऱ्यानं परक्याच्या ताटाला आपल्या लेकीचं ताट मानावं, आणि घेणाऱ्यानं काळ्याशार रंगाला भुलू नये. एवढं झालं, तरी गावच्या मातीपासून शहरातल्या स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांचंच भलं होईल!