पाचवीसाठी जागा

पेठहून आलेली जीप नाशकात पेठ फाट्यावर थांबली, तेव्हा सुवर्णाच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि उजवा कुणाच्या पिशवीखाली अडकलाय हे तिला सांगता आलं नसतं. परवान्यावर किती माणसं लिहिली होती देव जाणे, ड्रायव्हरनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. माणसं आत शिरू लागली की तो दारातून ओरडायचा, "एक पुढं, एक मागं!" म्हणजे एकानं सीटच्या कडेला सरकायचं, शेजारच्यानं पाठ टेकायची. खांद्याला खांदा भिडत नाही आणि आणखी एक गिऱ्हाईक मावतं. त्या रस्त्यावरची पोरंसोरंसुद्धा न सांगता तशी बसायची.

नाथानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, टपावरून हिरवी पत्र्याची पेटी उतरवली. पेटीवर गुलाबी फुलं होती. ती आईनं पेठच्या बाजारात तासभर घासाघीस करून निवडली होती.

"जागा मिळाली तर ऱ्हा," नाथा चालता चालता म्हणाला. "नाय मिळाली तर शेवटच्या जीपनं माझ्यासंगं परत. मंग पुन्यांदा कालेजाचं नाव काढायचं नाय."

मुलींच्या वसतिगृहात तिचा नंबर लागला नव्हता. उरली होती ती पंचवटीतली कलाबाईंची खोली. आश्रमशाळेत तिच्या पुढच्या वर्गात असलेली छाया तिथं राहत होती आणि तिनंच निरोप धाडला होता. घरमालकीण कलाबाई ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या. "पोरींना चालत असेल तर मला चालतं," सुई न थांबवता त्या म्हणाल्या. "मी काय त्यांच्यात झोपायला जातेय?"

पोरींना चालत नव्हतं. म्हणजे छायाला चालत होतं, निफाडच्या दोघी बहिणी गप्प होत्या, आणि चौथी, पूजा, दारातच हात आडवा धरून उभी होती. ही पूजा संध्याकाळी इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायची आणि तिथं शिकलेलं सगळं खोलीतल्यांवर चालवून बघायची. नेमका काल सरांनी गर्दीचा धडा घेतला होता.

"वी आर ऑलरेडी पॅक्ड लाइक सार्डिन्स," ती म्हणाली. "डब्यात कोंबलेल्या माशांसारख्या. नो रूम टू स्विंग अ कॅट, मांजर फिरवायलाही जागा नाही."

"मांजर कशाला फिरवायचं?" सुवर्णानं खरोखरच विचारलं.

निफाडच्या दोघी फिसकन हसल्या. पूजाचा चेहरा लाल झाला.

"हसू नका. गेल्या वर्षी आपण पाचवी घेतली होती, आठवतंय? कुणाला कूस बदलता येत नव्हती. मी पेपरला बसून पेंगले आणि नापास झाले. मला यंदा पास व्हायचंय."

यात खोटं काहीच नव्हतं. सुवर्णालाही ते पटलं आणि पटलं म्हणूनच तिची पंचाईत झाली. पूजा नुसती खाष्ट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. बाहेर नाथा पेटीवर बसून होता आणि दर थोड्या वेळानं उन्हाकडे बघत होता.

"एकदा झोपून बघू," सुवर्णा म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. नाय मावले तर मी आपणहून जाते."

भरदुपारी चटया अंथरल्या गेल्या. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात स्टोव्ह, भिंतीला चौघींच्या बॅगा. उरल्या जमिनीवर चौघी आडव्या झाल्या आणि पाचवी सुवर्णा अर्धी चटईवर, अर्धी मोरीत गेली. मग छायानं सगळ्यांना एका कुशीवर वळायला लावलं. आता पाचही जणी मावल्या, पण एकीला खोकला आला तर पाचही हलत होत्या.

"बघितलंस?" पूजा उठून बसली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"चल पोरी," दारातून नाथा म्हणाला. त्यानं पेटी डोक्यावर घेतलीसुद्धा होती.

सुवर्णाला रडू आलं. ते तिनं गिळलं आणि ती जमिनीवरून हललीच नाही. उठलं की संपलं, एवढंच तिला कळत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, "ते तुझे मासे डब्यात कशे काय मावतात?"

"सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं," पूजा वैतागून म्हणाली. "एकाचं डोकं इकडं, शेजारच्याचं तिकडं. म्हणजे रुंद भागाशेजारी निमुळती शेपटी..." बोलता बोलता ती थांबली.

सुवर्णा तोवर गर्रकन फिरली होती. जिथं छायाचं डोकं तिथं हिचे पाय.

"एक पुढं, एक मागं!" छाया ड्रायव्हरच्या आवाजात ओरडली. तीही त्याच रस्त्याची.

निफाडची थोरली मात्र उठून बसली. "अगं, पाय लागले तर? आपण काय रात्रभर एकमेकींच्या पाया पडत बसायचं?"

"सकाळी एकदाच सगळ्यांनी सगळ्यांच्या पडायचं," सुवर्णा म्हणाली.

पुन्हा आडव्या झाल्या. खांद्याशेजारी पाय, पायाशेजारी खांदा. पूजानं डावीकडे कूस बदलली, उजवीकडे बदलली, आणि छताकडे बघत बराच वेळ पडून राहिली. तिच्या नाकाशेजारी सुवर्णाचे पाय होते.

"पाय धुऊन झोपायचं," ती शेवटी म्हणाली.

"रोज," सुवर्णा म्हणाली.

"साबणानं."

माणूस मावलं, पण पेटीला जागा उरली नाही. सुवर्णानं ओट्यावर ती रिकामी केली. कपडे उशीच्या अभ्र्यात कोंबले, पुस्तकं खिडकीत गेली, नागलीच्या पिठाची पुरचुंडी खुंटीला लागली.

"रिकामी पेटी नेली तर तुझी आई म्हणंल, पोरगीच परत आली," नाथा म्हणाला.

"तिला सांगा, नुसती पेटीच आली."

उंबऱ्यात उभं राहून नाथानं खोली बघितली, जमीन बघितली, मग पेटी उलटी करून तिचं बूड बघितलं. बापाला राग आला असं सुवर्णाला वाटलं. तो पेटी डोक्यावर घेऊन वळला, तेव्हा ती गुलाबी फुलं तिला दूरपर्यंत दिसत राहिली.

पुढच्या आठवड्यात जीपवाल्याचा निरोप आला, सामान घेऊन जा. छाया आणि सुवर्णा फाट्यावर गेल्या. टपावर तीच पेटी होती. तिला आता लोखंडी पट्ट्यांचे चार उंच पाय लावलेले होते.

"तुझ्या बापानं उभं राहून वेल्डिंग करून घेतलं," जीपवाला म्हणाला. "म्हनला, पोरींचे पाय खालून जातील बघ. उंचीला दोन बोटं जास्तीची ठेवलीत."

खोलीत आणून पेटी भिंतीला लावली. पूजा लगेच आडवी झाली, तिनं पाय पेटीखाली सरकवले, बोटं हलवून बघितली. कुठंच अडत नव्हतं. सुवर्णा पेटीवरून हात फिरवत होती. वेल्डिंगनं कोपऱ्यातलं एक फूल करपलं होतं आणि त्यावर कुणीतरी घरच्याच गेरूनं नवं फूल काढलं होतं. त्या दिवशी गिळलेलं रडू आता आलं.

पूजा पेटीखालून पाय न काढताच म्हणाली, "रड, पण आधी पाय धुऊन ये."