जुन्या बोर्डात बसेल असा

लांब्याला हे नाव उंचीमुळे पडलं होतं. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा तेव्हा वरच्या फळीवरचं खोकं तो शिडी न लावता उतरवायचा. आता तो खिडकीजवळच्या कॉटवर पडून असे आणि अख्ख्या शरीरात त्याच्या हुकमात उरले होते फक्त डोळे. आजाराने आधी बोटं नेली, मग पाय, मग जीभ. डोक्याला मात्र त्याने धक्का लावला नाही. लांब्याला सगळं कळत होतं, आणि नेमकं हेच घरातल्या दोघींना, आईला आणि ताईला, सोसत नव्हतं.

तो बोलायचा कॉम्प्युटरमधून. कॉम्प्युटर त्याचाच, गेम खेळण्यासाठी एकेक भाग जमवून त्याने स्वतः जुळवलेला. स्क्रीनच्या खाली पट्टीसारखा एक कॅमेरा होता. गेममध्ये नुसत्या नजरेने आजूबाजूला बघता यावं म्हणून हौसेने घेतलेला. आता तोच कॅमेरा त्याच्या बुबुळांवर लक्ष ठेवायचा. स्क्रीनवरच्या अक्षराकडे लांब्या रोखून बघे, अक्षर उमटे, वाक्य झालं की आवाज येई. आवाजही त्याचाच. गेममधल्या सोबत्यांनी कितीतरी वर्षांची रेकॉर्डिंग जपून ठेवली होती, त्यांतून एका प्रोग्रामने त्याचा आवाज उभा केला होता. पण गेममध्ये लांब्या फक्त ओरडायचाच. त्यामुळे “आई, पाठ वळव” हेसुद्धा किल्ल्यावर चाल करून जायचा हुकूम दिल्यासारखं ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई दचकली, मग हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आवाजाचा प्रोग्राम नवा होता आणि कॉम्प्युटर जुना. आत सगळी आकडेमोड करणारा जो प्रोसेसर, त्याला कॅमेरा, अक्षरं आणि आवाज एकदम झेपत नव्हतं. मध्येच सगळं गोठायचं. लांब्या एका अक्षरावर नजर रोखून थांबे, डोळ्यांना पाणी येई, अक्षर काही उमटत नसे. कंटाळून तो दुसरीकडे बघायचा आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर जागा होऊन भलतंच अक्षर टाकायचा. लिहिलेलं पुसा, पुन्हा सुरू करा. दोन शब्दांत तो गळून जाई.

अशात फुप्फुसांच्या डॉक्टरबाईंनी घरी येऊन त्याला तपासलं आणि सांगितलं की नाकावरचा मास्क आता फार दिवस पुरणार नाही. एक तर गळ्याला भोक पाडून कायमचं श्वासाचं मशीन लावायचं, नाही तर मास्कवर जितके दिवस निघतील तितके काढायचे. दोन्हीत काय काय होईल ते त्यांनी लांब्याच्याच तोंडाकडे बघून समजावलं. म्हणाल्या, हे त्यानेच ठरवायचं आणि त्याच्याच शब्दांत मला कळलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात परत येते.

त्याच दुपारी कॉम्प्युटर पार अडून बसला, म्हणून ताईने पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली. ती बोट फिरवायची, हव्या अक्षरावर बोट आलं की लांब्या वर बघायचा. वर बघणं म्हणजे हो, डोळे मिटणं म्हणजे नाही, हे दोघांत कधीच ठरलं होतं. तिने विचारलं, काय करायचं? न आला. को आला. मग म. ती म्हणाली, “नको मशीन?” लांब्याने डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. दमला बिचारा, असं तिला वाटलं. तिने आईला जाऊन सांगितलं की त्याला मशीन नकोय.

आई भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “बोट तुझं. अक्षर तुला हवं तेच येणार.”

ताई बाहेर जिन्यावर जाऊन बसली. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं तिचं काम होतं, आणि आदल्याच दिवशी तिने एक अख्खं कव्हर उलटं शिवलं होतं. महिनोन् महिने तिची झोप सलग झाली नव्हती. आईचं बोलणं लागलं ते खोटं होतं म्हणून नव्हे. पुठ्ठ्यावर ‘नको’ आलं तेव्हा तिच्या आत काहीतरी सैल पडलं होतं, ओझं खाली ठेवताना पडतं तसं. स्वतःची तिला शिसारी आली.

तिथेच तिने ठरवलं. बोट नको, पुठ्ठा नको. डॉक्टरबाई यायच्या आत कॉम्प्युटर धडधाकट करायचा आणि लांब्याने स्वतः बोलायचं. मग तो काय म्हणेल ते म्हणेल. तोवर, कॉम्प्युटर पुन्हा रडतखडत चालू लागला तरी, तिने तो विषय काढला नाही, आणि अर्ध्यात गोठणाऱ्या वाक्यांत लांब्यालाही तो काढायचा नव्हता.

सोपा उपाय तिला आधी सुचला, नवाकोरा कॉम्प्युटर आणायचा. लांब्याने लगेच डोळे मिटले. कारण त्याने अडखळत अडखळत लिहून सांगितलं. त्या कॅमेऱ्याची कंपनी केव्हाच बुडाली होती. कॅमेरा चालायचा तो या जुन्या सिस्टीमवरच, आणि नव्या कॉम्प्युटरवर ती सिस्टीम बसत नव्हती. इस्पितळातला नवा कॅमेरा लावून बघितला होता, पण लांब्याची उजवी पापणी अर्धी पडलेली असे आणि त्या कॅमेऱ्याला त्याचा डोळाच सापडत नव्हता. म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो आतला बोर्ड जुनाच ठेवायचा आणि त्यात बसेल असा नवा प्रोसेसर शोधायचा.

असे दोनच मिळत होते. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याने ताईला दोन्ही दाखवले. एक आठ कोरचा, म्हणजे आत आठ जण राबतात असं समजा, तो म्हणाला. दुसरा सहाचा. “मॅडम, घ्यायचाच तर मोठा घ्या. पुन्हा यायला नको.” ताईलाही मोठाच हवा होता. कमी पडायची भीती तिच्या हाडात भिनली होती.

लांब्या मात्र लहानावर अडून बसला. त्याने लिहिलं, “मोठा तापतो. पंखा ओरडेल. मशीनची शिटी ऐकू येणार नाही.”

मास्कचं यंत्र गडबडलं की शिटी द्यायचं, ती शेजारच्या खोलीत ताईला ऐकू जाणं भाग होतं. तरी ती हटून बसली. एवढी यातायात करायची आणि तोही अडकला तर? लांब्याने डोळे मिटले. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा मिटले. शेवटी चिडून म्हणाली, कर तुझ्या मनासारखं, आणि सहा कोरचा घेऊन आली. दुकानात नेऊन बसवून घ्यायचं म्हटलं तर दिवसभर कॉम्प्युटर तिकडे राहणार, आणि तेवढा वेळ लांब्या मुका. पार्टवाला म्हणाला होता, थेट बसेल, काही करावं लागत नाही. म्हणून तिने घरीच बसवायचं ठरवलं. चिवट कातड्यातून सुई काढणारे हात होते, हे जमणार नाही असं तिला वाटलं नाही.

कॉटशेजारी टेबल ओढून, लांब्याला दिसेल असा कॉम्प्युटरचा डबा आडवा ठेवून तिने तो उघडला. आता स्क्रीन बंद. सगळं माहीत असलेल्या माणसाकडे दोनच शब्द उरले होते, हो आणि नाही, आणि प्रश्न बरोबर विचारायचं काम तिचं. हा स्क्रू? वर. हा? मिटले. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढायची वेळ आली तेव्हा लांब्या पुन्हा पुन्हा डोळे मिटत होता. तिने विचारलं, चुकीचं धरलंय? नाही. जोर कमी लावू? नाही. गरम करायचंय, फिरवायचंय, असं विचारणं तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने सरळ ओढलं. दोन्हींच्या मधल्या, वाळून दगड झालेल्या पेस्टमुळे जुना प्रोसेसर ठोकळ्याला चिकटून खटकन उपटून आला. खालच्या केसासारख्या पिनांपैकी कोपऱ्यातली एक वाकली.

“जुनाच तर आहे,” ती म्हणाली. लांब्या तिच्याकडे बघत राहिला.

नवा अलगद बसला. ठोकळा लावला, पंखा लावला, डबा उभा करून बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच.

तिने वायरी काढून परत लावल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. पुन्हा सगळं उघडून प्रोसेसर उचलून पाहिला. काळाच. दुपार उलटून गेली. आई दारात येऊन उभी राहायची, परत जायची. ताईने प्रश्नांमागून प्रश्न विचारले. वायर चुकली? पार्टवाल्याने खराब दिला? मी काही मोडलं? प्रत्येकाला डोळे मिटत होते. शेवटी तिला रडू फुटलं. “मला नाही कळत रे, लांब्या. मला नाही येत हे.” घरात त्याचा जो काही आवाज उरला होता तो तिने स्वतःच्या हातांनी काढून टाकला, आणि डॉक्टरबाई उद्या येणार होत्या.

डोळे पुसून तिने पाहिलं तर लांब्या तिच्याकडे बघतच नव्हता. तो टेबलाच्या कडेला बघत होता, तिथे जुना प्रोसेसर पडला होता. तिच्याकडे बघायचा, परत तिथे.

“तो परत बसवू?”

लांब्याने डोळे इतके वर नेले की नुसतं पांढरं दिसलं.

मग ती वाकलेली पीन आली. ताईने खिडकीत उजेडात बसून सगळ्यांत बारीक सुई घेतली. पीन जरा जास्त दाबली तर तुटणार, आणि तुटली तर लांब्या परत कधीच बोलणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. श्वास रोखून ती केसभर सरकवी, डोळ्यांशी धरून बघे, पुन्हा केसभर. मध्येच सुई खाली ठेवून गुडघ्यांखाली हात दाबून बसायची. पीन सरळ झाली तेव्हा तिचा ब्लाउज पाठीवर चिंब झाला होता.

जुना बसला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. लांब्याने अडत, गोठत लिहिलं, “बायोस जुना. बोर्ड नव्याला ओळखत नाही. माझंही चुकलं.” बोर्डाच्या आत बायोस नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो, तो आधी बदलायला हवा होता. त्याची नवी आवृत्ती त्याने स्वतःच नजरेने इंटरनेटवरून उतरवून घेतली. ती चढवायला सुरुवात करण्याआधी ताईने विचारलं, मध्येच वीज गेली तर? त्याने लिहिलं, “मग गेलं.”

ती प्लगपाशी पाय दुमडून बसली. आईने फ्रिजचं दारसुद्धा उघडलं नाही, जणू तेवढ्याने वीज बिचकली असती. स्क्रीनवरची रेघ सरकत सरकत टोकाला गेली. वीज राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने नवा प्रोसेसर पुन्हा बसवला. या वेळी लांब्याने लिहून सांगितल्याप्रमाणे ठोकळा आधी गरम करून, हलके फिरवून सोडवला. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला. लांब्याने अक्षराकडे पाहिलं आणि अक्षर आलं. दुसऱ्याकडे पाहिलं, दुसरं. कुठे थांबणं नाही, गोठणं नाही. पंखा तर चालू आहे की नाही ते कान लावून बघावं लागत होतं.

त्याने आधी दोघींना बोलावलं.

“आई. ताई. ऐका. मध्ये बोलू नका.”

तोच चढाईचा आवाज. आई कॉटच्या पायथ्याशी बसली. अक्षरं भराभर येत होती.

“नको मरायला. मशीन लावा.”

ताईला आधी शब्द कळले, अर्थ नाही. मग ती म्हणाली, “पण पुठ्ठ्यावर तू...”

“म च्या पुढे तू गेलीच नाहीस.”

“मी विचारलं होतं, नको मशीन का. तू डोळे मिटलेस.”

“डोळे मिटले म्हणजे नाही. आपणच ठरवलंय.”

मी सांगत होते, असं म्हणायची आईला पूर्ण मुभा होती. तिने फक्त लांब्याच्या पावलांवर डोकं टेकलं. ताई उभीच होती. मशीनची शिटी ऐकू आली पाहिजे म्हणत तो लहान प्रोसेसरसाठी का भांडत होता, हे तिला आत्ता उमगलं. पुढच्या दिवसांची तयारी चालली होती त्याची, आणि ती त्याला नुसता हट्ट समजून रागावली होती.

लांब्या अजून लिहीत होता. या वेळी वेळ लागला, पण तो कॉम्प्युटरमुळे नव्हे.

“ताई, तू थकलीस. मला दिसतं. तरी मला जगायचंय.”

‘तरी’ या शब्दावर त्या उसन्या आवाजाचा सूर चढला, गेममधल्या कुठल्याशा दरवाजावर सोबत्यांना थोपवून धरायला सांगताना चढला असेल तसा. ताईने मान डोलावली. तिला त्याच्याबद्दल आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे येणाऱ्या सगळ्या रात्री एकामागे एक उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टरबाई आल्या. लांब्याने त्यांना हेच सांगितलं, आणखी दोन प्रश्न विचारले, आणि आवाज असा का येतो म्हणून त्या दचकल्या तेव्हा माफीही मागितली. शस्त्रक्रिया झाली. घरी आला तो गळ्यात नळी आणि उशाशी मशीन घेऊन. नळीत कफ साचला की तो ओढून काढावा लागे, दिवसा आणि रात्री, आणि आईचे हात कापत असल्यामुळे ते काम ताईचंच. कारखान्यात ती अर्धाच दिवस जाऊ लागली. मालक काही बोलत नव्हते, पण महागडं कातडं आता ते दुसऱ्यांना शिवायला देत. लांब्या सोबत्यांबरोबर पुन्हा खेळू लागला. चाल संथ असेल असेच गेम, पण खेळायचा, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या दोघींना त्याचं कुणाला तरी झापणं ऐकू यायचं. आई हसायची. ताईला कधी कधी त्याच वेळी जागेवरून उठवत नसे.

पुठ्ठ्याबद्दल घरात परत कुणी काही काढलं नाही.

एक दिवस ती कामावरून आली तेव्हा लांब्याने विचारलं, “कशी आहेस?” तो रोज विचारायचा, आणि ती रोज ‘बरी’ म्हणून पदर खोचायची.

त्या दिवशी ती म्हणाली, “वाईट आहे रे. फार वाईट.”

लांब्याने गेम बंद केला. “सांग.”

ती स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. ‘नको’ वाचल्यावर आपल्याला काय वाटलं होतं तेही सांगितलं. लांब्या तिच्याकडे बघत होता, स्क्रीनकडे नाही. मध्येच नळी साफ करायची वेळ झाली. ती उठली, साफ केली, हात धुतले, आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगू लागली.