पडद्यावरच्या मुंग्या

धाकटीचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा थोरली चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवून बघत होती. निरोप छोटा होता : "टेप मिळाली. मुंग्या छान आल्या आहेत. अण्णा कुठे आहेत?"

थोरलीने कपाळाला हात लावला. आजोबांना वाटलं, फ्रेम वाईट दिसतेय.

धाकटीला लहानपणी ताप आला आणि तिचे कान गेले. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घ्यायची, आणि स्वतः मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. आता ती दूरच्या शहरात स्वतःची छोटीशी बेकरी काढत होती. जागा मिळाली होती, भट्टी बसली होती, अडलं होतं फक्त पावाशी. तिला वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हातचा पाव हवा होता, वरून कडक आणि आतून कापसासारखा. अण्णा राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर जन्मभर तोच पाव भाजत आले होते. धाकटीने कृती लिहून मागितली, तर ते म्हणाले, "काय लिहू? लागेल तेवढं पाणी घाल, असं लिहू?" गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचा प्रवास बंद होता आणि धाकटीला उभं राहत असलेलं दुकान टाकून येता येत नव्हतं. शेवटी थोरलीने नवऱ्याचा कॅमकॉर्डर कपाटातून काढला, पहाटे भट्टीच्या खोलीत जाऊन अण्णांना टिपलं आणि टेप पाठवून दिली.

कॅमेऱ्याच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर सगळं झकास दिसलं होतं. टीव्हीवर लावून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. निरोप आल्यावर तिने दुसरी टेप भरली, आणि ही मात्र आधी टीव्हीला लावली. पडद्यावर सगळीकडे बारीक दाणे वळवळत होते आणि त्यात एक धूसर माणूस काहीतरी थापटत होता.

"हे पीठ उडतंय की टीव्ही बिघडलाय?" आईने विचारलं.

"पीठ माझ्या खोलीत उडत नाही," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या कामात मध्ये यायला नको म्हणून या खेपेला थोरली दारात उभी राहिली होती आणि झूम करून त्यांना जवळ आणलं होतं. अंधारातलं उजळ करणारं एक बटण कॅमेऱ्यावर सापडलं, तेही तिने मोठ्या कौतुकाने दाबलं होतं. अण्णांचा चेहरा उजळला खरा, पण गारांचा पाऊस पडत असल्यासारखा. ही टेप तिने पाठवलीच नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. दुसऱ्या दिवशी थोरली कॅमेरा बरोबर घेऊन गेली आणि आतल्या खोलीतल्या डोळे तपासायच्या तक्त्यासमोर उभी राहिली. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. डोळे तपासणाऱ्या बाई खुर्चीत बसून फळ खात होत्या.

"कॅमेऱ्याला नंबर लागलाय का?" त्यांनी विचारलं.

"तेच बघायचंय. बाई, जरा पडदे ओढता?"

बाईंना काम नव्हतंच. त्यांनी पडदे ओढले, मग उघडले, मग दिवा लावला, मग विझवला. थोरली कधी भिंतीला टेकून झूम करून तक्ता घ्यायची, कधी झूम सोडून पुढे होऊन घ्यायची. मग वेटिंगमधल्या टीव्हीला तारा जोडून दोघी पेशंट तपासावा तशा बघायला बसल्या.

"लांबून झूम केलंस तिथे चौथ्या ओळीच्या पुढे काही वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "जवळ जाऊन घेतलंस ते शेवटपर्यंत दिसतंय. आणि पडदे ओढल्यावर तर वरचं अक्षरही अंगात आल्यासारखं थरथरतंय. हे कुठलं गं, इतकं खराब?"

"ते उजळ करायचं बटण दाबलं होतं."

"म्हणजे उजेड नसला की हा मनाचं भरतो. माझे काही पेशंट असंच करतात. दिसत नसलं की अंदाजाने अक्षरं सांगतात, आणि तीही जोरात."

थोरलीने ते बटण बंद केलं आणि त्याच्यावर चिकटपट्टीच लावून टाकली. कॅमेऱ्याशी खेळण्यात अर्थ नव्हता, उजेड वाढवायला हवा होता.

आता अण्णांची खोली. तिथे छताला एक पिवळा दिवा होता आणि एकुलती एक खिडकी पिठाच्या पोत्यांनी झाकून गेली होती. रविवारी बेकरी बंद असे. थोरली नवऱ्याला घेऊन सकाळीच हजर झाली. त्याने पोती ओढली, तिने खिडकी धुतली, आणि मळायचं टेबल दोघांनी मिळून खिडकीशी नेलं. समोरच्या भिंतीवर तिने पांढरी चादर ठोकली, म्हणजे खिडकीतला उजेड तिच्यावरून उलटून अण्णांच्या तोंडावर येईल. आईने वरच्या सगळ्या खोल्यांतले टेबललॅम्प आणून लावले. अण्णा दारात काठी टेकून उभे होते.

"मी डोळे मिटून पीठ मळतो. मला नको तुमची रोषणाई."

"तुम्हाला नकोच आहे," आई म्हणाली. "तुम्हाला बघणारीला हवीय."

"आणि हे असं उन्हं वर आल्यावर? पीठ पहाटे मळतात."

"पिठाला घड्याळ कळतं का?" थोरलीने विचारलं. अण्णांनी बाह्या मागे सारल्या.

तिने जवळ जाऊन, झूम न करता, थोडंसं टिपलं आणि नवऱ्याने वरून खाली आणलेल्या टीव्हीवर लावून बघितलं. एकही मुंगी नव्हती. पिठाची साय, बोटांच्या पेरांवरचे चरे, सगळं हातात घ्यावं इतकं स्वच्छ. तिचा जीव भांड्यात पडला, पण आई मात्र टीव्हीला नाक लावून बसली होती.

"मिशीचा केस न् केस दिसतोय," ती म्हणाली. "पण मिशीखाली काय चाललंय?"

खरंच होतं. अण्णांची झुपकेदार मिशी वरच्या ओठावरून थेट खालच्यावर उतरलेली. आतापर्यंत मुंग्यांमुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

"घरी असताना ती कसं समजून घ्यायची?" जावयाने विचारलं.

"लहानपणी मांडीवर बसून दोन बोटांनी मिशी वर उचलायची आणि म्हणायची, आता बोला," थोरली म्हणाली. "मोठी झाल्यावर उचलेना. मग अंदाजच बांधायची."

अण्णा काठी टेकत जिना चढून वर गेले. रागावले असतील म्हणून कुणी हाक मारली नाही. लॅम्प तापले, पिठावर ओलं फडकं टाकावं लागलं. बऱ्याच वेळाने ते खाली आले तेव्हा जावई खुर्चीवरून उठूनच उभा राहिला, कुणी पाहुणे आल्यासारखा. मिशीच्या जागी गोरी, कोवळी कातडी होती. ओठ पातळ होते आणि एका कोपऱ्यात जरासे वर वळलेले.

आई पदराने तोंड झाकून हसायला लागली ती थांबेचना. "अहो, लग्नात बघितला होता हा ओठ," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही कायम रागावलेले असता. तुम्ही तर हसताय."

"मी हसत नाहीये. ओठच तसा आहे," अण्णा म्हणाले. "लावा तो कॅमेरा."

पहिल्यांदा ते एवढ्या मोठ्याने बोलले, की रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून खिडकीतून आत बघायला लागली.

"अण्णा, ओरडू नका. तिला ऐकू थोडंच येणार आहे? सावकाश बोला."

मग ते सावकाश बोलले. पीठ बोटांना चिकटतं पण सोडायलाही तयार असतं, तेव्हा पाणी थांबवायचं. तळव्याने ढकलायचं, बोटांनी ओढायचं नाही. हळूहळू ते कॅमेरा विसरले आणि समोर धाकटीच बसली असल्यासारखं दटावायला लागले. "घाई करू नकोस. तुला सगळ्याची घाई." थोरली गोळ्यापाशी वाकून त्यांचे हात टिपत होती, मान वर करून ओठ टिपत होती.

टेप गेली. काही दिवसांनी धाकटीचा निरोप आला. पाव जमला होता. पहिल्या दोन घाण्यांचे दगड झाले, तिसरा जमला, आणि शेजारच्या शिंप्याने एका बैठकीत अख्खा संपवला. अण्णा मिशीशिवाय मावशीसारखे दिसतात, असंही तिने लिहिलं होतं. शेवटी एक प्रश्न होता : "सगळं कळलं. फक्त भट्टीत पाव सारताना तुम्ही पाठ फिरवून काहीतरी बोललात, ते राहिलं."

टेप पाठवताना थोरलीने तिची नक्कल ठेवली होती. ती लावून आवाज वाढवला. भट्टीचं दार करकरलं, आणि अण्णा स्वतःशीच पुटपुटले, "हात तिचा माझ्यापेक्षा हलका आहे. सांगितलं तर डोक्यावर बसेल."

आईने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छताकडे.

"मी तिला लिहून कळवते," थोरली म्हणाली.

"लिहायला कशाला हवं," अण्णा म्हणाले. ते उठले, खिडकीपाशी जाऊन उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "आण तो कॅमेरा. आणि जवळ ये."