मासा काढल्यावर

दात कधी खोटं बोलत नाहीत, असं संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं. हे वाक्य ज्यांना सुचलं ते विभागप्रमुख सकाळपासून शिडीवर उभे राहून तेच ब्लेडनं खरवडत होते. आता फक्त 'बोलत नाहीत' एवढं उरलं होतं.

शिडी त्यांच्या बायकोनं धरली होती. ती रसायनशास्त्रज्ञ. दातांच्या इनॅमलची पूड तपासून जनावर काय खात होतं ते सांगणं हे तिचं काम, आणि आज सकाळच्या चहाच्या वेळी तिनं ते चोख केलं होतं. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं, सिंहाएवढं ते पाणमांजर मासे खात नव्हतं, शिंपले खात नव्हतं, पाण्यातलं काहीच खात नव्हतं. गवतावर चरणारी जनावरं मारून खायचं. विभागप्रमुखांचा कप ओठांशीच थांबला. नावात मांजर असून मांजराशी त्याचं नातं नव्हतंच. आता पाण्याशीही उरलं नव्हतं. आणि उद्घाटन संध्याकाळी होतं.

"पुन्हा तपासलंस?"

"नवऱ्याचं जनावर म्हणून नेहमीपेक्षा एकदा जास्तच."

"उद्या सांगितलं असतंस तर काही बिघडलं असतं का?"

"माझं काय बिघडणार? जन्मभर तूच म्हणाला असतास, आधी का नाही बोललीस."

हे खरं असल्यामुळे ते पुन्हा खरवडू लागले.

दालनाच्या मधोमध ते जनावर मागच्या पायांवर उभं होतं, पुढच्या पंजांत भलामोठा मासा धरून. विभागप्रमुखांची अर्धी कारकीर्द त्या माशावर उभी होती. ते सावकाश खाली उतरले आणि हा पुतळा घडवणाऱ्या मूर्तिकाराला म्हणाले,

"मासा काढा."

मूर्तिकारानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"साहेब, पंजे तसेच राहतील. काहीतरी मागत असल्यासारखं दिसेल."

"दिसू दे. जे त्यानं कधी खाल्लंच नाही, ते मी त्याच्या हातात ठेवणार नाही."

करवत चालली. विभागप्रमुखांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मासा सुटून आला तेव्हा बायकोनं त्यांच्या खांद्यावरचे रंगाचे पापुद्रे हलकेच झटकले. इतकी माया तिनं बऱ्याच वर्षांत दाखवली नव्हती. मग ती रिकाम्या पंजांपाशी जाऊन वाकली.

"पंजे मात्र झकास झालेत. पण बोटांमध्ये हे पडदे? जमिनीवर शिकार करणाऱ्याला?"

"तो अंदाज आहे."

"सापडलेल्या पंजांत दिसत नाहीत का?"

"पंजे सापडलेले नाहीत."

ती सरळ उभी राहिली.

"शेपटी?"

विभागप्रमुखांनी ब्लेड रुमालात गुंडाळायला घेतलं.

"अरे, मग सापडलंय तरी काय?"

"दोन दाढा," ते म्हणाले. "त्यातली एक तू दळलीस."